पाहुण्यांकडे एक मागणं

एकदा एका क्रीडांगणावर एका संघाचे पंधरा गोल झाले आणि सोळावा करायचाच नाही, असं त्या संघाच्या शिक्षिकेने ठरवलं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आता कुणी म्हणेल, यात घोटाळा कसला? समोरचा संघ दुबळा, आपण पंधरा गोलांनी पुढे, तेव्हा हात आखडता घेतला तर बरंच केलं की! तिलाही नेमकं असंच वाटलं होतं. ती मनाने वाईट असती तर ही गोष्ट सांगण्याचं काही कारणच नव्हतं.

शहरातल्या एका मोठ्या शाळेत ती मुलींना फुटबॉल शिकवत असे. स्वतः त्याच शाळेत, त्याच मैदानावर एका गुरुजींच्या हाताखाली खेळ शिकली होती. गुरुजी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. शाळेच्या वर्धापनदिनाचा सामना पाहायला त्या दिवशी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. गळ्यात पडलेला हार त्यांनी शेजारच्या खुर्चीला घातला होता आणि शाल गुडघ्यांवर घेऊन ते बसले होते. सामन्याआधी तिने संघातल्या सगळ्या मुलींची, बाकावरच्या पाच राखीव मुलींचीसुद्धा, त्यांना माहिती सांगितली होती. गुरुजींसमोर आपला संघ उभा करायचा, या काळजीने तिला आठवडाभर झोप नव्हती. शिष्याचं वय कितीही होवो, गुरूच्या नजरेखाली आलं की पुन्हा सातवीत गेल्यासारखं होतंच.

सामन्याला बोलावलं होतं डोंगरापलीकडच्या एका लहान गावातल्या शाळेच्या मुलींना. त्यांच्या शाळेत फुटबॉल येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. शिकवणारे मास्तर गणिताचे. नियमांची पुस्तिका आणून आधी स्वतः शिकले आणि मग मुलींना शिकवू लागले. संघात बरोबर अकरा मुली, राखीव म्हणून एकही नाही. जर्सीवरचे आकडे मास्तरांनी घरी ऑइलपेंटने काढलेले, त्यात घाईगडबडीत नऊ नंबर दोघींना मिळाला होता. टेम्पोतून उतरल्या उतरल्या मुली मैदानावरच्या हिरवळीला हात लावून बघत होत्या.

मास्तरांनी शिक्षिकेला नमस्कार केला आणि बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "म्याडम, एक सांगून ठेवतो. ह्या पोरींना घरनं सोडायलाच तयार नव्हते. घरोघर जाऊन पाया पडलो मी. आज हसत परत गेल्या तर हा संघ टिकंल. रडत गेल्या तर पुन्हा कोण कशाला पाठवतंय?"

"तुम्ही अजिबात काळजी करू नका," ती म्हणाली. तिने ते मनापासूनच म्हटलं होतं. पण शिट्टी वाजली, गुरुजी बघत होते, आणि खेळ सुरू झाल्यावर मास्तरांचं बोलणं तिच्या डोक्यातून पार गेलं.

मध्यंतरापर्यंत नऊ गोल झाले. शाळेच्या फळ्यावर जुन्या काळचा वीस गोलांचा विक्रम रंगवलेला होता. त्याकडे बोट दाखवून मैदानाच्या कडेला बसलेली शे-दोनशे मुलं "वीस! वीस!" ओरडायला लागली होती. मध्यंतरानंतरच्या दहा मिनिटांत आणखी सहा झाले. गावच्या संघाची गोलकीपर मैना नावाची एक शेलाटी मुलगी होती. प्रत्येक गोलनंतर ती जाळीत जाऊन चेंडू काढायची, पदराला पुसावा तसा जर्सीला पुसायची आणि मधल्या रेषेकडे फेकायची. पंधराव्या वेळी मात्र चेंडू काढायला ती जरा उशिरा वळली. तिने पाठमोरं होऊन डोळे पुसले, ते शिक्षिकेला दिसलं.

तेव्हा तिला मास्तरांचे शब्द आठवले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने आपल्या कप्तान मुलीला, शर्वरीला, कडेला बोलावून सांगितलं, "बास आता. यापुढे गोल मारायचा नाही. चेंडू आपल्यातच फिरवा."

गुरूची आज्ञा शिष्या पाळतात. काही वेळा जरा जास्तच पाळतात. मुली चेंडू आपापसांत फिरवू लागल्या. इकडून तिकडे, तिकडून मागे, मागून पुन्हा पुढे. गोलपुढच्या चौकटीपर्यंत जायचं आणि हसत परत फिरायचं. गावच्या मुली चेंडूमागे धावून धावून घामाघूम झाल्या, पण एकीचाही पाय चेंडूला लागेना. आणि मग कडेच्या मुलांनी पास मोजायला सुरुवात केली. "एकतीस! बत्तीस! तेहेतीस!" चाळिसाव्या पासला टाळ्या पडल्या. कुणी टाचेने पास दिला की शिट्ट्या वाजायच्या. शिक्षिका समाधानाने गुरुजींकडे बघत होती. आपण किती मोठ्या मनाने वागलो हे त्यांच्या लक्षात आलंच असेल, असं तिला वाटत होतं. गुरुजींचा चेहरा मात्र कडू औषध घेतल्यासारखा झाला होता.

बासष्टाव्या पासला मैना गोल सोडून बाहेर आली. तरातरा चालत ती थेट शर्वरीसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज कापत होता, पण मैदानभर ऐकू गेला.

"मारा की गोल! मारत का नाही? आमी काय खेळणं हाय व्हय तुमचं?"

मोजणारी मुलं गप्प झाली. पंचांनी खेळ थांबवला. पलीकडे मास्तर मुलींच्या पिशव्या गोळा करू लागले. एक-दोन मुली रडत होत्या, त्यांच्या खांद्यावर थोपटायलाही मास्तरांचा हात रिकामा नव्हता. शिक्षिका जागच्या जागी उभी राहिली. गोल मारले तरी रडतात, नाही मारले तरी रडतात. आता करायचं तरी काय माणसाने?

तेवढ्यात गुरुजी खुर्चीतून उठले. शाल खाली पडली, ती त्यांनी उचललीही नाही. काठी टेकत अख्खं मैदान ओलांडून ते गावच्या मुलींपाशी गेले. शिक्षिका धावत त्यांच्यामागे गेली. तिला वाटलं, ते आता माफी मागणार, चार समजुतीचे शब्द बोलणार. गुरुजींनी तसलं काही केलं नाही. त्यांनी मास्तरांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही निघालात ते दिसतंय मला. पण जाण्यापूर्वी माझं एक मागणं आहे तुमच्या मुलींकडे."

मास्तर गोंधळले. "आमच्याकडं? आमच्याकडं काय मागणार तुमी, गुरुजी?"

"तिकडे बाकावर बघा. आमच्या पाच मुली बसल्यात. वर्षभर रोज पहाटे येतात, पळतात, चेंडू गोळा करतात, पण सामन्यात त्यांना अजून एकदाही उतरायला मिळालेलं नाही. सामना अटीतटीचा असला की आम्ही त्यांना घेत नाही. आज वीस मिनिटं उरली आहेत. तुमच्या मुली मैदानात थांबल्या तरच त्यांना खेळायला मिळेल, गेल्या तर नाही. मी विनंती करतो, थांबता का?"

शिक्षिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या खेळाडूंना उतरवायला हरणाऱ्या संघाची परवानगी कशाला लागते? असा नियम कुठे आहे? आणि पंधरा गोलांनी जिंकत असलेल्या शाळेच्या प्रमुख पाहुण्यांनी हात जोडून उभं राहायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं. मुख्याध्यापकही डोळे विस्फारून बघत होते.

मास्तरांनी मैनाकडे पाहिलं, कारण संघाची कप्तान तीच होती. मैनाने बाकावरच्या पाच जणींकडे बराच वेळ निरखून पाहिलं. त्यातली एक, चष्म्याला मागे रबर बांधलेली मृदुला, उत्सुकतेने अर्धी उभीच राहिली होती.

"त्यांना खेळता येतं?" मैनाने विचारलं.

"फारसं नाही," गुरुजी म्हणाले.

मैनाने नाक पुसलं. "मग येऊ द्या. पर खरं खेळायचं. मघासारखं न्हाई चालणार."

"खरंच खेळतील. माझा शब्द."

मास्तरांनी पिशव्या खाली ठेवल्या.

शर्वरी आणि इतर चौघी बाहेर आल्या आणि बाकावरच्या पाच जणी आत गेल्या. मंडळी, पुढच्या वीस मिनिटांत जो खेळ झाला, तो फुटबॉलच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. मृदुलाने पहिलाच चेंडू मारला तो कुंपणापलीकडे पेरूच्या झाडात गेला. एकीने उत्साहाच्या भरात आपल्याच मैत्रिणीला पाडलं. राहिलेल्या सहा जणींना आता या पाच जणींना सांभाळून खेळावं लागत होतं, त्यामुळे त्यांचीही तारांबळ उडाली. पण कुणी हसून परत फिरत नव्हतं आणि कुणी टाचेने पास देत नव्हतं. सगळ्या जीव तोडून धावत होत्या. कडेची मुलंही नकळत पुन्हा ओरडू लागली. या वेळी कोणी काही मोजत नव्हतं.

एकदा मृदुला एकटीच चेंडू घेऊन मैनासमोर आली आणि सारा जीव एकवटून तिने तो मारला. मैना झेपावली. चेंडू तिच्या पोटात बसला आणि दोन्ही हातांत राहिला. त्या दिवशी तिने अडवलेला तो पहिला चेंडू होता. ती उठेना, चेंडू पोटाशी धरून तशीच हिरवळीवर पडून राहिली. मृदुला घाबरून जवळ गेली तर मैना हसत होती. "काय जोरात मारतीस गं!" ती म्हणाली. मृदुलाला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं.

मग गावच्या मुलींना कॉर्नर मिळाला. सबंध सामन्यातला पहिला. ज्यांनी फुटबॉल पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, कॉर्नर म्हणजे काही गोल नव्हे. पण त्या मुलींनी तो असा साजरा केला की पंचांना दोनदा शिट्टी वाजवून त्यांना जागेवर आणावं लागलं. दोन्ही नऊ नंबरच्या मुली एकमेकींना मिठी मारून उड्या मारत होत्या. कॉर्नरमधून काही निघालं नाही, चेंडू सरळ बाहेर गेला. तरी मास्तर टाळ्या वाजवत राहिले.

शेवटच्या मिनिटाला मृदुलाने गोल केला. तो सोळावा गोल झाला. डाव्या पायाने, जरासा नशिबाने, पण खेळून केलेला. मैनाने जमिनीवर मूठ आपटली. "उजवीकडं झुकले मी, उगाच झुकले!" असं स्वतःवरच चिडून ती म्हणाली. मग तिने चेंडू काढला, जर्सीला पुसला आणि मधल्या रेषेकडे न फेकता मृदुलाच्या हातात नेऊन दिला.

सामना संपला. मुली एकमेकींत मिसळून पाणी पीत होत्या, पेरूच्या झाडातला चेंडू काढायला कोण चढणार यावर वाद चालला होता. शिक्षिका कडेला उभी होती. शेवटी ती गुरुजींपाशी गेली.

"गुरुजी, माझं चुकलं. पण कुठे चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. गोल मारत राहिले तो निष्ठुरपणा, हे समजलं. पण थांबवले तेव्हा तर दया केली ना मी?"

"दया केलीस, खरं आहे," गुरुजी म्हणाले. "पण त्या इथे दया घ्यायला आल्या नव्हत्या गं. खेळायला आल्या होत्या. तू त्यांच्यावर गोल करणं बंद केलंस, आणि त्याच्याबरोबर खेळही काढून घेतलास."

"आणि तुम्ही हात जोडलेत त्यांच्यापुढे. तुम्ही! मला कसं तरीच झालं."

गुरुजी खुर्चीत बसले. थोडा वेळ त्यांनी काठीच्या मुठीवरून नुसता हात फिरवला.

"तू पहिला सामना कधी खेळलीस, आठवतं?"

"आठवीत. न आठवून कसं चालेल? तुम्ही मला शेवटी उतरवलंत. मी पहिलाच चेंडू हाताने अडवला. सगळे हसले." ती आठवणीने आताही लाजली. "समोरच्या संघातली एक मुलगी चेंडू ठेवायला आली, तेव्हा मला म्हणाली, 'होतं असं पहिल्यांदा.' रात्रभर मी त्याच आनंदात होते."

"तुझा नंबर अठरावा होता. दोन वर्षं बाकावर होतीस. त्या दिवशी आम्ही सात गोलांनी पुढे होतो, म्हणून तुला उतरवायचं धाडस मला झालं. तू उतरलीस, मला तुझी धाव दिसली, आणि पुढच्या सामन्यापासून तू संघात आलीस. आज या मैदानावर उभी आहेस ती त्या पंधरा मिनिटांमुळे. ती पंधरा मिनिटं तुला कुणी दिली?"

"तुम्ही, गुरुजी."

"मी कसली देतोय! ती त्या हरणाऱ्या मुलींनी दिली. सात गोल खाऊनही त्या मैदानात थांबल्या, म्हणून तू खेळलीस. त्यांची शाळा कोणती होती, सांग बरं?"

तिने आठवून पाहिलं. जर्सीचा रंगसुद्धा आठवेना. त्या मुलीचा आवाज तेवढा कानात होता, बाकी काही नाही. तिने मान खाली घातली.

"मलाही नीट आठवत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी आम्ही पुढे आणखी चार गोल केले. मीच 'मारा, मारा' म्हणत होतो. सामना संपल्यावर आम्ही आमचा जल्लोष केला आणि त्या मुली आपल्या पिशव्या उचलून निघून गेल्या. पुढच्या वर्षी निमंत्रण पाठवलं तर उत्तर आलं की संघ बंद झाला आहे. त्यांना कुणी सांगितलंच नाही गं, की तुमच्यामुळे आमची एक मुलगी खेळाडू झाली. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी मागितलेल्या आणि न मागितलेल्या कित्येक माफ्या आहेत, पण न मानलेले हे आभार मला जास्त टोचतात. म्हणून आज हात जोडले. खेळात समोर कुणीतरी उभं राहतं, तेव्हाच आपला खेळ होतो. जो हरत असूनही उभा राहतो, त्याने तर आपल्याला फारच मोठं काही दिलेलं असतं. त्याच्यावर दया करायची नसते, पोरी. त्याचे आभार मानायचे असतात."

शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवण्याचा तिने प्रयत्न केला नाही. तिकडे टेम्पोचं इंजिन सुरू झालं होतं. ती वळली आणि आपल्या मुलींसारखीच धावत सुटली.

टेम्पोच्या मागच्या फळीला धरून मैना उभी होती. शिक्षिका धापा टाकत तिच्यापाशी पोचली. बोलायचं पुष्कळ होतं, पण दम लागल्यामुळे एवढंच निघालं.

"मैना, तुम्ही थांबलात म्हणून आमच्या पाच मुली खेळल्या. त्यांना हा दिवस जन्मभर आठवेल. तुमच्या सगळ्यांची मी फार ऋणी आहे गं."

आजवर शिक्षिकेने विद्यार्थिनीचे आभार मानलेले मैनाने पाहिले नव्हते. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि उपरण्याने चष्मा पुसण्यात गुंतले होते.

"पुढच्या वर्षी याल ना?" शिक्षिकेने विचारलं. विचारताना तिच्या छातीत धडधडत होतं. पंधरा गोल होताना असं धडधडलं नव्हतं.

मैनाने मान हलवली. "न्हाई."

शिक्षिकेचा चेहरा पडला.

"औंदा तुमीच या आमच्याकडं," मैना म्हणाली. "दिवाळी झाल्यावर. आमचं मैदान उताराचं हाय. निम्मा खेळ चढाला खेळायचा आन् निम्मा उताराला. तिथं बघू की किती गोल मारताय ते!"

टेम्पोतल्या साऱ्या जणी खळखळून हसल्या, आणि टेम्पो हलला. शिक्षिका रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात जोडून बघत राहिली. मुली दिसेनाशा झाल्या तरी त्यांचं हसणं वळणापर्यंत ऐकू येत होतं.